दगडाबाईचा बोटभर जर्मन

दगडाबाईचा राग चुलीवरच्या दुधासारखा होता, बघता बघता उतू जायचा. मग समोर मास्तर असो की मामलेदार, तिला सगळे सारखेच. सोलापुरात गौरीचे मुखवटे रंगवणारे हात कमी नव्हते, पण आखणी, म्हणजे डोळे लिहिण्याचं काम, तिच्यासारखं कुणाला जमत नाही, हे हरिबाच्या गणपतीच्या कारखान्यातले जुने कारागीरही कबूल करत. टोपल्या विणणाऱ्या कैकाड्याची ही लेक त्या कारखान्यात माती तुडवायला गेली होती आणि ब्रश घेऊन बाहेर पडली होती. पुढं तिनं घरीच काम सुरू केलं.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर शिवयोगी मास्तर तिच्याकडं आले. ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि शाळेच्या संमेलनात इतिहासाचं प्रदर्शन मांडणार होते. गिरणीत नवे माग बसवायला आलेला एक जर्मन फिटर त्यांच्या घरची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन खूश झाला होता. फावल्या वेळी तो शिशाचे सैनिक रंगवायचा. जाताना त्यातले दोन बोटभर सैनिक तो मास्तरांना देऊन गेला. एक रोमन शिपाई, लाल झग्यातला, रंगवून तयार. दुसरा दोन हजार वर्षांपूर्वीचा जर्मन लढवय्या. एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल, खांद्यावर घोंगडीसारखं पांघरूण, पण अंगाला रंगाचा ठिपका नाही. परका शिपाई नटवून झाला आणि स्वतःच्या पूर्वजाला रंग लावायला त्या भल्या माणसाला सवड झाली नाही.

मास्तरांनी सांगितलं की दाढीकेस पिवळे करा, डोळे लालभडक करा, तोंडाला थोडं रक्त लावा. एकंदर रानटी दिसला पाहिजे.

दगडाबाईनं तो तळहातावर फिरवून पाहिला. चेहरा तुरीच्या डाळीएवढा. ह्यानं केलं काय, असं तिनं विचारलं. हे लोक जंगलात राहायचे, लूटमार करायचे आणि रोमन फौजा त्यांना शिस्त लावायला गेल्या होत्या, असं मास्तरांनी समजावलं. जंगल कुणाचं, असं तिनं विचारलं, तर ह्यांचंच. मग फौज तिथं कशाला गेली, ह्याचं उत्तर मास्तरांनी पुन्हा शिस्तीवरच आणून ठेवलं.

"म्हंजी त्या फिटरचा ह्यो आज्जाच की," ती म्हणाली. "त्येला ठावं हाय का, त्येच्या आज्याला तुमी राक्षस करताय ते?"

मास्तर हसले. माणूस वाईट नव्हता. तिला अहोजाहो करायचा, दिलेला चहा प्यायचा. म्हणून तर तिचं डोकं जास्तच तापलं.

शिस्त हा शब्द तिनं लहानपणी रोज ऐकला होता. तिचा जन्म सेटलमेंटात झाला होता, काटेरी तारांच्या आत. तेव्हा इंग्रजाच्या कायद्यानं कैकाड्याच्या पोटी जन्म घेणं हाच गुन्हा होता, त्यासाठी चोरी करायची तसदी घ्यावी लागत नसे. रोज हजेरी. कधी बाहेरचे पाहुणे आले की पोरांना ओळीत उभं करत आणि एक साहेब हातातल्या छडीनं एकेकाकडं दाखवत सांगायचा, ही जमात घरं फोडते, जन्मजात गुन्हेगार. एकदा एका मडमेनं दगडाबाईच्या हातावर बिस्कीट ठेवलं. भूक लागली होती, तिनं ते खाल्लं. पन्नाशीला आली तरी ते बिस्कीट तिच्या घशात अडकलेलं होतं. पुढं स्वराज्यात कायदा गेला, तारा निघाल्या, पण गावात कुठं घर फुटलं की पोलीस आधी तिच्याच वस्तीत येत.

तिनं जर्मन रंगवला, पण आपल्या मनासारखा. दाढीला मक्याच्या कणसाच्या केसांचा रंग दिला. पांघरुणावर चादरीसारखे तांबडेनिळे चौकडे काढले. डोळे रिवाजाप्रमाणं सगळ्यात शेवटी लिहिले. त्यासाठी खारीच्या शेपटीचे दोनच केस काडीला बांधले आणि श्वास रोखून धरला. डोळे उमटले ते माणसाचे, सरळ समोर बघणारे. मास्तरांनी बाहुली बघितली, 'बरं' म्हणाले आणि घेऊन गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी दगडाबाई धुतलेलं लुगडं नेसून आपलं काम बघायला गेली. टेबलावर रोमन होता तसाच झळकत होता. शेजारच्या तिच्या जर्मनाच्या डोळ्यांवर कुणीतरी आदल्या दिवशी लाल रंगाचे दोन गोळे थापले होते आणि दाढीवर रक्त ओघळवलं होतं. खाली मास्तरांच्या सुरेख अक्षरातली पाटी होती. सेटलमेंटाच्या शाळेनं तिला अक्षरं शिकवली होती, एवढा उपकार खरा. तिनं वाचलं, 'रानटी टोळीवाला. लूटमार हा याचा जन्मजात स्वभाव.'

तिनं बाहुली उचलली आणि पदरानं तिचं तोंड पुसायला घेतलं. जाड थापलेला रंग अजून ओला होता आणि त्यानं खालचा थरही सैल केला होता. लाल निघाला आणि त्याच्याबरोबर खालचे तिनं लिहिलेले डोळेही निघाले. ते गेलेले तिला दिसले, तरी ती अंगठा दाबून पुसत राहिली. शेवटी तुरीच्या डाळीएवढं नुसतं शिसं उरलं. पदरावर लाल डाग पडला.

एवढ्यात मास्तर सातवीच्या मुलामुलींची ओळ घेऊन आले. हातात तक्ते दाखवायची छडी होती. त्यांनी पुसलेलं तोंड बघितलं आणि बाई, हे काय केलंत, असं हळूच विचारलं. आता ह्याला चेहराच राहिला नाही, मुलांना दाखवू काय, अशी त्यांची अडचण.

दगडाबाईनं जर्मनाला जागेवर ठेवलं. पाटी उचलून स्वतःच्या छातीशी धरली आणि टेबलाच्या कडेला, लहानपणी ओळीत उभी राहायची तशी, पाठ ताठ करून उभी राहिली.

"मला दावा," ती म्हणाली. "मी बी जन्मजातच हाय. सांगा की पोरांना, मी हितंच उबी हाय."

ओळ थांबून होती. मास्तरांनी छडी उचलली, पण ती कुठं रोखावी हे त्यांना कळेना.