मावशीच्या ओसरीतला प्लग

इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा आमच्या अनसिंग गावभर मीच सांगत फिरलो, "पेट्रोलची कटकट संपली, गाडी फुकटातच चालते म्हणा!" माझ्या घरासमोर जागा नव्हती, म्हणून शेजारच्या एकट्या मावशीच्या ओसरीतल्या प्लगवर ती चार्ज करायचो. मावशीने बिलाचं कधी नाव काढलं नाही.

जुन्या गाडीत बसताना ती पेट्रोलसाठी शंभराची नोट पुढे करायची; आमच्याकडे तशी रीतच आहे. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र नुसती पिशवी घेऊन आली. "वाशिमले सोडून दे बापा. आता तुह्या गाडीले पेट्रोल थोडंच लागते?"

तिचा रिकामा हात पाहून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चार्जिंग नाही, मावशी."

"काहून रे? सकाळपासून तं माह्याच घरी लावून होती."

"एसटी निघून जाईन, लवकर पाय उचल."

भिंतीला हात लावत लावत ती गेली. गाडी पूर्ण चार्ज होती. तरी मी ती पुन्हा मावशीच्याच प्लगला लावली, परत आल्यावर तिला माझं खोटं दिसू नये म्हणून.