होमप्लेटवरचे पंच

अमरावतीला मुलींचा बेसबॉलचा सामना पाहून मी अकोल्याच्या बसमध्ये बसलो, तर शेजारी त्या सामन्याचे पंचच येऊन बसले. साठीकडे झुकलेले, उन्हानं रापलेले. धाव जिथे पूर्ण होते ती होमप्लेट झाडायचा छोटा ब्रश काढून ते बुटांवरची माती झाडू लागले.

शेवटच्या डावात तेल्हाऱ्याची एक मुलगी घसरत होमप्लेटवर पोचली होती. यांनी तिला बाद दिलं. बरोबरीची धाव गेली आणि तेल्हारा हरलं.

मला राहवेना. "सर, ती खरंच बाद होती?"

"नव्हती," ते म्हणाले. "धुरळ्यात मले दिसलंच नाही. मंग एकानं मोबाइलवर दाखवलं, पण तवा सामना संपला होता. निकाल बदलता येत नाही."

"मग?"

"मंग त्यांच्या गाडीपाशी गेलो. साऱ्या पोरींसमोर सांगतलं, बेटा, तू सेफ होती, चूक माही."

"चिडली असेल."

"नाही ना. डोळे पुसून म्हणे, 'मले तं मालूमच होतं, सर. आता या पोरीइलेबी समजलं.'"

मैदानावर 'पंच विकला गेला' असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा मीच होतो. मूर्तिजापूरला ते उतरेपर्यंत मला ते सांगता आलं नाही.