मुख्याध्यापकांचं वय क्ष मानू

आमच्याकडे माणसाला दोन वयं असायची. एक घरचं आणि एक दाखल्यावरचं. घरचं वय फक्त आईला ठाऊक, तेही ‘मोठं वादळ झालं त्या साली, भात कापणीला आला होता तेव्हा’ अशा हिशेबानं. दाखल्यावरचं वय गावचे गुरुजी ठरवत. मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याच्याकडे एकदा बघायचे आणि जन्मतारीख लिहायचे: एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून, दुसरं काही कारण नाही. त्या एका तारखेला महाराष्ट्रात इतकी मुलं जन्मली आहेत की सुइणींना त्या दिवशी पाणी प्यायला उसंत मिळाली नसेल. माझीही जन्मतारीख तीच. त्यामुळे पुढे मी जो पराक्रम केला तो अज्ञानापोटी केला, असं म्हणायचीही सोय नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन घाटकोपरला घरी बसलो होतो. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, आणि ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात वॉचमन झाले होते. त्यांचं माझ्याशी बोलणं एका वाक्यावर आलं होतं. “तू एकदा शाळेत चिकटलंस काय आमी सुटलंव.” चिकटणं म्हणजे कायम होणं. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका मराठी शाळेतून गणिताच्या जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा ते कामावरून आले आणि न झोपता माझे बूट पुसत बसले.

निवडीची रीत साधी होती. नववीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा. मागच्या बाकावर मुख्याध्यापक आणि संस्थेचे सेक्रेटरी बसणार. विषय मिळाला एकसामयिक समीकरणं, त्यातली शाब्दिक उदाहरणं. मी मनात म्हटलं, झकास! शेळ्या-कोंबड्यांची डोकी आणि पाय, प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी, सगळं तोंडपाठ होतं. ते गुपचूप फळ्यावर उतरवलं असतं तर आज मी पेन्शन खात असतो. पण बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की उदाहरण जीवनातलं हवं. तिथेच वाट लागली.

पाठाआधी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला. गप्पिष्ट माणूस. केसांना काळाभोर कलप, फक्त कानामागे एक पांढरी रेघ सुटलेली.

“लग्न झालंय का हो?” त्यांनी मला विचारलं.

“नाही सर. आधी नोकरी.”

“शहाणे आहात. मीसुद्धा घाई केली नाही. मुलगा झाला तेव्हा तीस वर्षांचा होतो मी.” मग बशीत चहा ओतत त्यांनी सेक्रेटरींकडे तोंड वळवलं. “आणि आता बघा! चिरंजीव बापाच्या निम्म्या वयाचे झाले तरी मुलगी बघायला तयार नाहीत.”

सेक्रेटरी हसले. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या सुपीक डोक्यात उजेड पडला. ही दोन वाक्यं म्हणजे दोन समीकरणं की! जीवनातलं उदाहरण चहाबरोबर फुकट मिळालं होतं. नाव न घेता साहेबांचंच गणित घातलं की स्वारी खूश. मी तर मनातल्या मनात हजेरीपटावर सहीसुद्धा करून टाकली.

वर्गात गेलो आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: एका मुख्याध्यापकांना तीस वर्षांचे असताना मुलगा झाला. आज तो मुलगा त्यांच्या निम्म्या वयाचा आहे. तर दोघांची आजची वयं काढा.

पोरं खुसखुसली. मागे मुख्याध्यापकांनी शर्टाची कॉलर नीट केली. स्वारी खरंच खूश होती.

“मुख्याध्यापकांचं वय क्ष मानू,” मी म्हणालो, “मुलाचं य. पहिलं समीकरण, क्ष वजा य बरोबर तीस. दुसरं, क्ष बरोबर दोन य. आता क्षच्या जागी दोन य ठेवा...”

दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी ओरडलीच. “सर, य तीस, क्ष साठ!”

“ताळा करून बघ.”

“साठातून तीस गेले तीस. तिसाची दुप्पट साठ. जमला, सर!”

“शाब्बास!” म्हणत मी कौतुकाच्या आशेनं मागे पाहिलं. सेक्रेटरी पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता. मुख्याध्यापकांचं हसू जागच्या जागी वाळलं होतं.

शिक्षक अठ्ठावन्नाला निवृत्त होतो, हे मला काय माहीत नव्हतं? वडिलांना ऐकवायला मी माझं स्वतःचं निवृत्तीचं साल काढून ठेवलं होतं. पण चहा पिताना माणूस घरचं वय बोलतो आणि खुर्चीत दाखल्यावरच्या वयानं बसतो, हे एक जूनच्या या सुपुत्राला सुचलं नाही.

मागून एक आवाज आला, “सर, मग ते रिटायर नाय झाले?”

“गप रे, क्ष आहे तो! क्ष कधी रिटायर होतो काय?” शेजारच्या पोरानं त्याला दटावलं.

वर्गात हशा फुटला. मुख्याध्यापक उठून उभे राहिले, तसा वर्ग एकदम चिडीचूप झाला.

“उदाहरणात चूक आहे,” ते शांतपणे म्हणाले. “तपासा.”

चूक नव्हती. ताळा जमला होता, आणि तो वर्गातल्या सगळ्यांनी ऐकला होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते पुसलेले बूट आले.

“हो सर,” मी म्हणालो. “उतरवताना माझीच चूक झाली.” डस्टरनं तीस पुसलं आणि तिथं अठ्ठावीस लिहिलं. मुलगा अठ्ठावीस, बाप छप्पन्न. निवृत्तीला अजून दोन वर्षं. आधी उत्तर ठरवायचं आणि मागाहून समीकरण जुळवायचं, हे गणित मी इतक्या चपळाईनं केलं की बी.एड.च्या परीक्षेत पहिला आलो असतो. मुख्याध्यापक खाली बसले.

दोन वेण्या उभ्या राहिल्या. “सर, मग मघाचं माझं चुकलं?”

“हो. चुकलं.”

तिनं पट्टी घेतली आणि साठावर सरळ रेघ मारली. आम्हीच शिकवतो तसं, खाडाखोड न करता.

तास संपल्यावर पुन्हा खोलीत बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

“विषय पक्का आहे हो यांचा,” सेक्रेटरी रुमालानं तोंड पुसत म्हणाले. ते पुसत होते की हसत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

“विषय पक्का आहे,” मुख्याध्यापक म्हणाले, “पण ठामपणा नाही. मुलीचं उत्तर बरोबर होतं. ताळा जमला होता. आणि कुणी उठून चूक म्हटल्याबरोबर तुम्ही गणितच बदललंत! उद्या एखादा पालक आला तर मार्क बदलाल. असा शिक्षक आम्हाला कसा चालेल, तुम्हीच सांगा.”

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील. पण ते खरंच माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

“बरोबर आहे, सर,” मी म्हणालो.