पडद्यावर अक्का आधी गेल्या

माझे सासरे धारवाडला शाळेत शिकवायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते वारल्यावर त्यांच्या एका विद्यार्थ्याने, जो पुढे स्वतःही मास्तर झाला होता, त्यांचं चरित्र लिहिलं. पुस्तक पुण्यात छापलं. घरी आलेली प्रत सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवली, आणि देव्हाऱ्यात गेलेली वस्तू उघडून वाचायची आमच्याकडे कोणाला सवय नव्हती. मीही वाचली नाही. गावात ज्यांनी वाचली, त्यांनी आमच्यासमोर विषय काढला नाही.

लढाईच्या दिवसांत त्या पुस्तकावर बोलपट निघाला. हुबळीला लागला तेव्हा आम्ही चौघं दुपारच्या खेळाला गेलो: मी, हे, चरित्र लिहिणारे ते मास्तर आणि सासूबाई. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. विधवेचं लाल आलवण, कपाळापर्यंत पदर. थिएटरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. बायकांच्या बाजूला मी त्यांच्या शेजारी बसले.

मध्यंतरापर्यंत ठीक चाललं होतं. मग पडद्यावरच्या अक्का आजारी पडल्या आणि गेल्या. अण्णांच्या मांडीवर डोकं, कपाळभर मळवट, हिरवी चोळी, हिरवा चुडा. मला वाटलं, माझीच समजण्यात काही चूक होतेय. ही दुसरी कोणी असेल. पण अण्णा तिला अक्कांच्याच नावाने हाका मारत होते. मी वळून पाहिलं. अक्का शेजारीच होत्या.

पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत सोबतिणीला म्हणाली, "भाग्याची गं. अहेवपणी गेली, नवऱ्याच्या आधी. नाहीतर मागं राहून..." एवढ्यात तिची नजर मागे गेली, आलवण दिसलं आणि ती गप्प झाली.

मी म्हटलं, "अक्का, उठा. बाहेर जाऊ."

"सुम्म कूड," त्यांनी कानडीत मला गप्प बसवलं. नजर पडद्यावरून हलली नाही.

पुढे अण्णांचं आजारपण आलं. प्रत्यक्षात ते दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. पडद्यावर विद्यार्थी पाळीपाळीने त्यांचे पाय चेपत होते, आणि शेवटचं पाणी मास्तरांनी पाजलं.

स्टेशनावर ह्यांनी मास्तरांना गाठलं.

"जिवंत बाईला मारलंत तुम्ही. माझ्या आईला. आणि पाणी पाजायला स्वतः पुढं."

मास्तर छत्री या हातातून त्या हातात घेत उभे राहिले.

"कंपनीनं बदललं म्हणून सांगू नका. पुस्तकात काय आहे?"

"तेच आहे."

"मग आजपासून आमची पायरी चढू नका. वडिलांचे विद्यार्थी म्हणून घरात घेतलं, जेवू घातलं, त्याचं हे..."

"त्याला बोलू नकोस," बाकावरून अक्का म्हणाल्या. "तसं लिही म्हणून मीच सांगितलं त्याला."

हे मास्तरांना सोडून बाकाकडे वळले.

"का पण?"

"अहेव जायचं होतं. नाही जमलं. म्हटलं, निदान छापून तरी यावं."

"आणि ती दोन वर्षं?" मी विचारलं. मला राहवलं नाही. त्यांच्या बरोबरीने मी अण्णांच्या चादरी धुतल्या होत्या. अण्णांना कुशीवर वळवता वळवता अक्कांची कंबर गेली ती कायमची. ते पाणी त्यांनीच पाजलं होतं, मी दाराशी उभी होते.

"हा म्हणाला, अक्का, मेलेली बाई शुश्रूषा कशी करणार? म्हटलं, मग शुश्रूषा काढून टाक."

भाजीत मीठ कमी घाल म्हणावं, त्या सुरात त्या हे बोलल्या. पडद्यावरच्या मरणाने मी हादरले होते, पण या वाक्यापुढे ते काहीच नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात जड काम या बाईनं एका हिरव्या चोळीपायी देऊन टाकलं होतं, आणि तिला त्याची हळहळही नव्हती.

धारवाडची गाडी आली. ह्यांनी मास्तरांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना आधी चढवलं. अक्कांना मी वर घेतलं.

उणकल स्टेशन मागे पडल्यावर त्या माझ्याकडे वाकल्या.

"ती नटी फार गोरी होती. मी कुठं एवढी?"

"नाही," मी म्हटलं.

"पण मळवट बरा भरला होता," त्या म्हणाल्या.