चौकशीकाकूंनी शिकवलेले दोन प्रश्न

बत्तीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून काकूंना एक कळलं होतं: माणसाला हवं असतं एक आणि तो विचारतो भलतंच. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. जिन्यात कुणी "काय म्हणता?" म्हटलं, तरी त्या "कशाबद्दल?" असं विचारत. सगळी इमारत त्यांना चौकशीकाकूच म्हणे, तेही तोंडावर.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा नवरा घड्याळजी. अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. त्याला इस्पितळात ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीशिवाय बोलत नसत. शिंपीणबाई रोज धीर करून विचारत, "हाउ इज ही?" "बेटर," म्हणून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे. आठव्या दिवशी शिंपीणबाई जिन्यातच रडू लागल्या.

"तुला नेमकं काय हवंय?" काकूंनी विचारलं.

"त्यांचा हात चालेल का, आणि मी काय करू?"

"मग तेच विचार की! द्राविडी प्राणायाम कशाला? अगं, 'गाडी कधी येईल?' म्हटलं की आम्हीही 'येईल' म्हणून मोकळे व्हायचो. कुठली गाडी ते सांगितलं की झक मारत वही उघडावी लागायची. एका वेळी एकच प्रश्न. आणि उत्तर येईपर्यंत तोंडाला कुलूप!"

काकूंनी त्यांच्याकडून दोन इंग्रजी वाक्यं घोकून घेतली.

सकाळी शिंपीणबाईंनी विचारलं, "विल हिज राइट हॅण्ड वर्क अगेन?" आणि त्या गप्प राहिल्या. डॉक्टरीणबाई थबकल्या. घड्याळाचं बारीक काम बहुधा नाही, पण चमचा, बटण, पेन जमेल, असं त्यांनी सोप्या शब्दांत, खुणा करत सांगितलं. मग शिंपीणबाईंनी दुसरं वाक्य म्हटलं, "व्हॉट शुड आय डू एव्हरी डे?" आता मात्र डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्याच. दिवसातून सहा वेळा एकेक बोट हळूहळू सरळ करायचं. हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. शिंपीणबाईंना वाईट वाटलं, पण आता हाताला काम मिळालं होतं. काकूंचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुपारी नवऱ्याची बोटं सरळ करताना "बरं वाटतंय ना?" हे ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"अहो, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

तोंडाला कुलूप. जड जिभेने शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"तू... दमशील... याची."