बाईंचा विषय

बेलापुरात माझं एसटीडी बूथ होतं, तेव्हा शाळेतल्या एक बाई पुण्याला फोन लावायला यायच्या. मानसशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणून त्या गाईड शोधत होत्या. फोन लागला की उठून उभ्या राहायच्या, पदर सावरून बोलायच्या. ऊसतोडणीच्या बायकांच्या मनातल्या भीतीचा अभ्यास त्यांना करायचा होता.

एकदा बराच वेळ बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "नको सर, मग राहू द्या."

मी विचारलं, "काय म्हनले, बाई?"

"घेतो म्हणाले. पण विषय कॉलेजातल्या मुलींचा घ्या."

"मग घ्यायचा की!"

"त्या मुलींना विचारणारे पुष्कळ आहेत हो."

बाहेरून उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. बाई काचेतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नागपूरला एक मॅडम आहेत म्हणे. लागेल का?"