सोडल्यावर मासा काय करतो

माझं सगळं आयुष्य लेथवर गेलं. कारखाना सुटला तेव्हा हात मोकळे पडले, आणि मोकळ्या हातांना मी माश्या बांधायचं काम लावलं. माशी म्हणजे खरी नव्हे. बारीक गळाला दोरा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याच्या मानेची पिसं अडकवायची, आणि पाण्यावर पडल्यावर खालून किडा दिसेल असं करायचं. माशाला वाटतं, खाणं आलं. एवढ्या फसवणुकीवर आमचा सगळा खेळ.

हा नाद मला एका डॉक्टरांनी लावला. त्यांच्या परदेशातल्या मुलीनं त्यांना मासे धरायची एक लवचीक काठी आणि गळ धरायचा छोटा चिमटा पाठवलेला. चिमट्याचा स्क्रू गेला म्हणून ते, माझा कारखाना सुटायच्या जरा आधी, तिथं आले होते. मी स्क्रू करून दिला आणि विचारलं, ह्यात धरतासा काय? त्यांनी खिशातनं डबी काढून एक माशी माझ्या तळहातावर ठेवली. मी हात झटकला. खरीच वाटली. डॉक्टर पोट धरून हसले. महिन्याभरात मी त्यांच्यापेक्षा चांगली बांधायला लागलो.

डॉक्टरांच्या मासे धरायच्या क्लबात आठ-दहा जण आहेत. डॉक्टर, एक रिटायर मास्तर, दोन वकील, बाकी असेच शिकलेले. चौथीपर्यंत गेलेला मी एकटाच. मला सगळे मिस्त्री म्हणतात. रविवारी पहाटे गाडीनं राधानगरीच्या अंगाला भोगावतीच्या एका डोहावर जायचं, दुपारी परत. नियम एकच, धरलेला मासा परत सोडायचा. म्हणून गळाचा उलटा दात मी आधीच कानशीनं घासून काढतो, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही.

हे सोडणं आमच्या हिला कधी पटलं नाही. मी घरी आलो की ती आधी पिशवी उघडून बघायची.

"पिशवी रिकामी? आजबी?"

"धरलं आन सोडलं."

"मग गेलतासा कशाला? त्याच्या तोंडाला भोक पाडाय? आन माझ्या कोंबड्याची मान बोडकी केलीसा ती कशाला?"

शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात तिनं एक तांबडा कोंबडा पाळला होता. त्याच्या मानेची पिसं क्लबात नावाजलेली. माश्या न्यायला डॉक्टर नि मास्तर घरी यायचे तेव्हा ती दारातनंच सुरू व्हायची, "या पावणं, या, कोंबड्याला बोडकं करणारं आलं!" मास्तरांना ते फार आवडायचं. ते मुद्दाम तिला डिवचायचे, "वैनी, आज निस्ती शेपटी न्हेतो." ती म्हणायची, "तुमची शेपटी दावा आधी." सगळे हसायचे. मी मात्र तिला आत जा म्हणून खुणावायचो.

खरं लिहायचं तर मला तिची लाज वाटायची. तिचा आवाज मोठा, बोलणं उघडं, दात मिश्रीनं काळे. कारखान्यातल्या माणसांपुढं कधी वाटली नव्हती ती लाज. ह्या शिकलेल्या माणसांपुढं वाटायला लागली.

ती दर दोन-चार रविवारी म्हणायची, "एकदा मला न्ह्या की तुमच्या डोहावर."

"तितं बायकांचं काय काम न्हाय."

"काम न्हाय करायचं मला. मला निस्तं बघायचंय, सोडल्यावर मासा काय करतो."

"काय करतो म्हंजे? जातो."

"कसा जातो ते बघायचंय."

मी नेलं नाही. शेवटच्या आजारात, दवाखान्यात, हाताला सुई असताना तिनं परत विचारलं, "बरी झाले की न्हेतासा?" मी म्हणालो, "बघू." त्या दोन अक्षरांवर ती डोळे मिटून पडली. चौथ्या दिवशी गेली.

रक्षाविसर्जनाला सगळे आले. पोरगी आणि जावई वारणानगरहून आले, मेव्हणा आला, डॉक्टर आणि मास्तरसुद्धा आले. नदीकाठी घास मांडला. भाकरी, अंबाड्याची भाजी, कपात चहा, मिश्रीची पुडी. कावळे होते. समोरच्या झाडावर ओळीनं बसले होते. एक खाली आला, घासापासून हातभर लांब चालत राहिला, आणि मान तिरकी करून माझ्याकडं बघून परत वर गेला.

मग सुरू झालं. माणसाची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, असं आमच्यात मानतात. इच्छा ओळखून कुणीतरी जवळच्यानं मोठ्यानं कबूल करायचं असतं. पोरगी रडत म्हणाली, "आई, आबांकडं मी बघते गं." कावळा हलला नाही. मेव्हणा म्हणाला, "आक्का, नातवंडांच्या लग्नाचं मी बघतो." नाही. कुणी म्हणालं कोंबडा सांभाळू, कुणी म्हणालं देवीला ओटी भरू. ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली.

मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. पण बोलायचं काय? तुला डोहावर नेतो म्हणायचं? मेलेल्या बाईला? आणि मागं डॉक्टर उभे होते, मास्तर उभे होते. ते विचारणार, मग जिवंत असताना का नेलं नाही, मिस्त्री? कबूल करायचं तर सगळंच करावं लागलं असतं. मी तोंड मिटून उभा राहिलो.

भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू. असं करतात. गवताचा कावळा वळायचा आणि त्याची चोच घासाला लावायची, म्हणजे काम झालं. भटजींनी दर्भ हातात घेतला तेवढ्यात मेव्हणा बोलला, "दाजी, तुमी माशा बांधतासा न्हवं? तुमीच बांधा की."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी खाली बसलो आणि दर्भ घेतला. नुसती गाठ मारली असती तरी चाललं असतं. पण माझ्या बोटांना वाईट काम येत नाही. दोन काड्या मधे, त्यावर घट्ट वेढे, पुढं जाड, मागं बारीक. शेपटीला काड्या पसरल्या. घाटाच्या पायरीवर कावळ्याची दोन पिसं पडली होती, ती कधी उचलली आणि कधी पंखाच्या जागी अडकवली मला कळलंसुद्धा नाही. मान जरा तिरकी ठेवली. मघाशी खाली आलेल्यानं ठेवली होती तशी.

तळहातावर धरला तेव्हा वारं आलं आणि पंख उघडले. पोरगी ओरडली. भटजींनी तो माझ्याकडनं दोन बोटांच्या टोकांनी घेतला, घासाला टेकवला आणि भराभर मंत्र म्हणून पाण्यात सोडला. सगळ्यांनी श्वास सोडला, हात जोडले. झालं म्हणाले. माणसं पांगली. तो मात्र बुडाला नाही. चोच वर करून, पंख पसरून, नदीच्या वाकणापर्यंत तसाच तरंगत गेला.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच राहिलं. जे मी रविवारी माशाला करतो तेच आज हिला केलं. खाली ती वाट बघत असणार, आणि मी वरनं खोटं टाकलं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी ओढून परत डोहावर नेलं. थंडीचे दिवस होते. पाण्यावर वाफ, आणि पाणी तळापर्यंत निवळ. मी माशी टाकली. खालून एक मासा वर आला. खडस म्हणतात आमच्याकडं, मोठ्या खवल्याचा, पिवळसर. माशीच्या खाली वीतभर येऊन तो थांबला. तिथं उभा राहून नुसता बघत राहिला. मी श्वास धरला. बऱ्याच वेळानं तो शांतपणे खाली गेला. घाबरून गेला असता तर मला काही वाटलं नसतं. घाबरलेला मासा मी हजार वेळा बघितलाय. हा घाबरला नव्हता. बघून झालं म्हणून गेला.

दुसरा आला, तसाच. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्याही. शेजारी मास्तरांना मात्र लागत होते, माझ्याच हातच्या, त्याच डबीतल्या माश्यांना. एकदा मास्तर म्हणाले, "मिस्त्री, मासं तुमाला वळखाय लागलं बगा. उधारी हाय का काय?" आणि त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली, माझी स्वतः घेतली. माझ्या काठीवर त्यांना दुसऱ्या फेकीला मासा लागला. त्यांच्या काठीवरच्या माशीखाली माझ्यासमोर तीन मासे येऊन उभे राहिले, एकाशेजारी एक, तोंडं वर करून. कल्ले तेवढे हलत होते. मास्तर ते बघायला माझ्याशेजारी वाकले, मागनं डॉक्टरही.

"असं कधी बघितलं न्हाय," डॉक्टर हळूच म्हणाले.

तिन्ही मासे तसेच उभे. सावली पाण्यावर पडली की मासा पळतो. आम्ही तिघं वाकलो होतो, आमच्या सावल्या त्यांच्या अंगावर होत्या. हलले नाहीत. पाण्याचा आवाजसुद्धा लांब गेल्यासारखा झाला. मला वाटलं, ते माशी बघतच नाहीत. माशी बांधणाऱ्याला बघतात.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. ती अडकली असली तर माझ्यामुळं अडकली. मी तिला मोकळं करायला हवं होतं आणि मी गवत बांधून दिलं. पोरीला फोन केला तर म्हणाली, "आबा, डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांना दाखवण्यासारखं काही असतं तर दर रविवारी बरोबरच होते की ते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंच गेलो. डोहाच्या काठाला एक सपाट खडक आहे, त्यावर मी बसतो. मी काठी उघडली नाही. नुसता बसून राहिलो. थोड्या वेळानं मास्तरांना मासा लागला. ओढून काठाशी आणला, चांगला दोन हात लांब. एरवी ते स्वतः सोडतात.

मी उठलो आणि म्हणालो, "मास्तर, द्या हिकडं. मी सोडतो." आणि तसंच बोलून टाकलं. थांबलो असतो तर परत तोंड मिटलं असतं. "आमच्या हिला हे बघायचं होतं. कितीदा म्हणाली. मी आणलं न्हाय. तुमची लाज वाटायची मला. म्हंजे तिची. तुमच्यापुढं. त्या दिवशी कावळा शिवंना तवा मला म्हाईत होतं कशापायी ते. तरी बोललो न्हाय. कावळा बांधून दिला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मास्तरांनी मासा माझ्या हातात दिला.

मी पाण्यात उतरलो. मांडीपर्यंत गार पाणी. गळ काढला, मासा दोन्ही हातांवर घेतला, आणि खडकाकडं तोंड करून तिच्याशी बोललो. चार माणसांत बोलतात तसं, मोठ्यानं.

"बघ. असं धरायचं. तोंड वरच्या अंगाला, जिकडनं पाणी येतं तिकडं. लगीच सोडायचं न्हाय, दमलेला असतोय. त्येला दम घिऊ द्यायचा. कल्लं बघ, कसं उघडाय लागलं. आता हात काढायचं. बघ."

मी हात उघडले. दम आलेला मासा एका झटक्यात जातो, हातावर शेपटीचा फटका देऊन. हा गेला नाही. दोन्ही तळहातांच्या मधे मोकळ्या पाण्यात उभा राहिला. मी हात आणखी लांब केले. तरी तिथंच. एक डोळा वर, खडकाकडं. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझे पाय बधिर झाले, मास्तरांनी काठावरनं दोनदा हाक मारली. मग तो वळला, माझ्या पायाला अंग घासून गेला, सावकाश, आणि खोल गेल्यावर दिसेनासा झाला.

"असा जातो," मी म्हणालो.

वाटलं होतं, आता काहीतरी होईल. हलकं वाटेल, वारा सुटेल, ती गेल्याचं कळेल. काही झालं नाही. मी काठावर येऊन खडकाच्या माझ्या कडेला बसलो आणि पाय पुसायला लागलो. मास्तर टेकायला आले. खडक मोठा आहे, माझ्या शेजारी दोन माणसांची जागा मोकळी होती. ते बसायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. मोकळ्या जागेकडं बघत राहिले. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस.

"वैनी," ते म्हणाले, "जरा सरकून घेतासा?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. ते श्वासभर थांबले, मग अगदी कडेला, अंग चोरून टेकले. आमच्या दोघांत एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. डॉक्टरांनीही त्या जागेवर सामान ठेवलं नाही, वळसा घालून पलीकडं ठेवलं.

मी तिला सोडायला आलो होतो. ती गेली नव्हती. ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. मी डबी उघडली आणि तांबड्या पिसांची एक माशी काढून गळाला पीस कुठं बांधतात ते आमच्या हिला दाखवायला लागलो.